आईवडिलांना घेऊन हिवाळ्यात अलिबाग: भरती-ओहोटी पाहून आखलेली एका दिवसाची सहल

अलिबागला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. पण सत्तरीतल्या आईला किंवा वडिलांना बरोबर न्यायचं म्हटलं की तोच धक्का, तीच बोट आणि तीच वाळू वेगळ्या हिशेबाने बघावी लागते. पायऱ्या किती, बसायला कुठे, स्वच्छतागृह कुठे, आणि त्या दिवशी पाणी किती वाजता उतरणार? यातला शेवटचा प्रश्न लोक सगळ्यांत उशिरा विचारतात, बहुतेक वेळा किनाऱ्यावर पोचल्यावर. तो पहिला विचारला तर बाकीचा दिवस आपोआप मार्गी लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दिवस ठरवायचा तो तिथी बघून

अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने गाठता येतो. भरतीला मध्ये समुद्र असतो. तेव्हा रविवारची सुट्टी आहे म्हणून निघालात आणि दुपारी दोनला भरती असली, तर किल्ला लांबूनच बघायचा.

पाण्याची वेळ काढायला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर एक जुना, सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. उदाहरणार्थ द्वादशी. बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ. भरती सकाळी नवाच्या आसपास, ओहोटी दुपारी सव्वातीनच्या आसपास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यावर हा हिशेब उभा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी मुंबईच्या अपोलो बंदराचं छापील वेळापत्रक बघून खात्री करून घ्या. अलिबागला वेळ जवळजवळ तीच असते.

आता यात एक मेख आहे. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, म्हणजे वेळ सोयीची. पण सप्तमी ते नवमी हे भांगाचे दिवस. पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही, किल्ल्याच्या वाटेवर ते रेंगाळत राहतं. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर मागे जातं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. एका दिवसाच्या सहलीला दोन्ही वेळा गैरसोयीच्या. चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी सव्वानऊ-दहाला असते, म्हणजे पहाटेची बोट धरायची आणि म्हाताऱ्या माणसाला चारला उठवायचं. मला विचाराल तर द्वादशी सगळ्यांत उत्तम. त्रयोदशीही चालेल, पण तेव्हा ओहोटी चारच्या सुमारास असल्याने परतीला घाई होते, स्वतःची गाडी असेल तरच तो दिवस घ्या.

द्वादशीचा आणखी एक फायदा तुमच्या आईच्या लगेच लक्षात येईल. एकादशीचा उपवास आदल्या दिवशी आटोपलेला असतो. एकादशीला निघालात तर ती खिचडीचा डबा घेऊन बसणार आणि तुम्ही समोर सुरमई खाणार, हे काही बरं दिसत नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपवास, शिवाय किल्ल्यातल्या गणपतीला दर्शनाची गर्दी. मार्गशीर्षातले गुरुवारही बऱ्याच घरांत शाकाहारी असतात. तेव्हा कॅलेंडर आईच्या हातात द्या आणि दिवस तिलाच काढू द्या. तिथी-वार-उपवास या हिशेबात ती तुमच्यापेक्षा तरबेज आहे.

टाळायचे दिवस दोन. नाताळ ते नववर्षाचा आठवडा, कारण बोटी, खानावळी आणि रस्ते तिन्ही तुंबलेले असतात. आणि दत्तजयंतीपासूनचे पाच दिवस चौलच्या बाजूला जायचं असेल तर, कारण तेव्हा तिथे भोवाळ्याच्या दत्ताची यात्रा भरते. एरवी डिसेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार सोडून कोणताही दिवस.

कसं जायचं: तीन वाटा, तीन प्रकारचे गुडघे

गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट सगळ्यांना माहीत आहे. पाऊण ते एक तासाचा प्रवास, आणि बऱ्याच तिकिटांत मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. अडचण पाण्यात नाही, धक्क्यावर आहे. गेटवेच्या दगडी पायऱ्या खालच्या बाजूला शेवाळलेल्या असतात. ओहोटी असली की बोट आणखी खाली बसते, तेवढ्या जास्त पायऱ्या उतराव्या लागतात. कधी एका बोटीतून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. द्वादशीला सकाळी भरती असते, म्हणजे चढताना बोट वर असते, हा त्या दिवसाचा आणखी एक गुण. पाय टाकताना खलाशाचा हात घ्यायला सांगा. आई संकोचेल, पण तुमच्या हातापेक्षा त्याचा हात पक्का असतो, तो दिवसभर तेच करतो.

बसायची जागा उजव्या हाताची निवडा. सकाळी बोट दक्षिणेकडे जाते तेव्हा ऊन डावीकडून येतं, संध्याकाळी उत्तरेकडे परतताना मावळतीचं ऊन पुन्हा डावीकडूनच. म्हणजे जाता-येता उजवी बाजू सावलीची. वरच्या मजल्यावर वारा आणि देखावा दोन्ही छान, पण हलत्या बोटीत अरुंद जिना चढायचा नसेल तर खालीच बसा. हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीमागे लागतात आणि लोक त्यांना गाठी-वेफर खायला टाकतात. आपण टाकू नये. बघायला मात्र खालच्या खिडकीतूनही मजा येते.

दुसरी वाट भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीची. २०२० पासून ती मांडव्याला जाते आणि तुमची गाडीही पोटात घेते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी मला हीच पटते, कारण रुंद उतारावरून आत जायचं असतं, पाय उचलून टाकायची कसरत नाही. गाड्या खाली लावून बसायला वर जावं लागतं, म्हणून वर जायची सोय कशी आहे ते तिकीट काढतानाच विचारून ठेवा. गाडी नसेल तरी या बोटीने जाता येतं. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून टॅक्सी करा. सकाळी धक्क्यावर मासळीचा घाऊक व्यवहार चालतो, त्या वासाने कुणाला मळमळत असेल तर नाकाला रुमाल लावायची तयारी ठेवा. माझ्या माहितीतल्या बहुतेक आया मात्र तिथे थांबून पापलेटाचा भाव विचारतात.

तिसरी वाट रस्त्याची. पेण-वडखळमार्गे मुंबईहून शंभरेक किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून सुरुवातीचा कोंडीचा भाग टळतो. पुणेकरांना खोपोली-पेणमार्गे दीडशेच्या आसपास पडतं, त्यांना हीच वाट. रस्त्याने गेलात तर मधे थांबता येतं, आणि लघवीला वारंवार जावं लागणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

पाणी आणि स्वच्छतागृह, यावर जरा सविस्तर

वयस्कर माणसं प्रवासात पाणी पीत नाहीत. जायची सोय कुठे असेल याची खात्री नसते, म्हणून सकाळी चहाचे दोन घोट घेतात आणि दुपारपर्यंत तोंड कोरडं ठेवतात. विचारलंत तर "तहान नाही" म्हणतील. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते आणि आपण उन्हाला दोष देतो.

यावर उपाय विचारण्याचा नाही, सांगून टाकण्याचा आहे. निघायच्या आधीच दिवसाचा क्रम सांगा. घरून निघताना एकदा, बोटीत बसण्यापूर्वी धक्क्यावर एकदा, मांडव्याला उतरल्यावर, जेवायच्या ठिकाणी, आणि परत मांडव्याला. सोय कुठे कुठे आहे हे कळलं की माणूस पाणी पितो. प्रत्येक ठिकाणी "मी जाऊन येतो, तूही ये" असं म्हणा, म्हणजे एकट्यासाठी सगळे थांबलेत असं वाटत नाही. बऱ्याच ठिकाणी बैठकच भारतीय पद्धतीची असते. गुडघे वाकत नसतील तर खानावळ निवडतानाच कमोड आहे का ते फोनवर विचारा. विचारायला लाजू नका, तिकडे त्यांना या प्रश्नाची सवय आहे.

औषधं तुमच्या पिशवीत न ठेवता त्यांच्याच खिशात किंवा पर्समध्ये ठेवा, एक जादा दिवसाच्या गोळ्यांसह. मधुमेह असेल तर बिस्किटं आणि साखरेच्या गोळ्या हाताशी हव्यात, कारण बोट उशिरा आली की जेवण लांबतं. बोट लागण्यावरची गोळी दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका. तिने गुंगी येते आणि प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही, डॉक्टरांना आधी विचारा. आवळासुपारी, आल्याची वडी, क्षितिजाकडे नजर आणि पोटात थोडंसं खाणं, एवढ्यावर तासाभराचा हिवाळी समुद्र बहुतेकांना निभतो. या दिवसांत तो बराच शांत असतो.

काय घालायचं, काय घ्यायचं

अलिबागची थंडी फसवी आहे. सकाळी सातला बोटीवर कानाला वारा झोंबतो आणि दुपारी एकला पारा तिशीला टेकलेला असतो. तेव्हा जाड स्वेटर एक नको, पातळ थर दोन-तीन हवेत. आईला शाल, वडिलांना कानटोपी आणि अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात, ते गार लागत नाहीत पण घाम वाळवतात, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळत नाही.

पायात मागून पट्टा असलेली सपाट सॅण्डल. साधी चप्पल ओल्या वाळूत रुतून निघते आणि किल्ल्याच्या शेवाळलेल्या दगडांवर सरकते. काठी असेल तर तिच्या टोकाचं रबर नवीन आणि रुंद हवं. श्रवणयंत्र लावत असतील तर पाण्याजवळ जाताना काढून डबीत ठेवा, खारं पाणी त्याला मुळीच सोसत नाही. घडीची एक हलकी खुर्ची न्या. ती ओझं वाटेल, पण दिवसभरात तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. शिवाय सतरंजीवर बसलेल्या सत्तरीच्या माणसाला उठवणं ही दोघांचीही परीक्षा असते. बाकी टॉवेल, टोपी, चष्मा पुसायला मऊ फडकं.

द्वादशीचा दिवस, तासातासाने

नवाच्या आसपासची बोट धरा. मांडव्याला उतरल्यावर लांब धक्का चालावा लागतो, तिथे घाई करू नका, गर्दी पुढे जाऊ द्या. चहा-नाश्ता करून दिवसभरासाठी एक रिक्षा ठरवा. बसचे पैसे तिकिटात गेलेले असले तरी हरकत नाही. बस थेट अलिबागला नेऊन सोडते आणि मधलं सासवणे राहून जातं. रिक्षा उंच गाड्यांपेक्षा चढायला सोपीही असते. भाडं, थांबायचे तास आणि परतीची वेळ आधी ठरवा, आणि रिक्षावाल्याला सुरुवातीलाच सांगा की सावकाश चालव, खड्डे चुकव.

सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर आहे, तेच त्यांचं संग्रहालय. पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला, १९२८ साली बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. आईवडिलांबरोबरच्या सहलीत मी या जागेला किल्ल्याच्याही वर ठेवीन. सावली आहे, चढ नाही, आणि समोर मोलकरणी, कोळिणी, मुलं, म्हातारी माणसं, गुरं अशी ओळखीची दुनिया उभी असते. ज्या पिढीने असे चेहरे रोज पाहिले ती इथे तासभर सहज रमते आणि बोलू लागते. निघण्याआधी उघडण्याची वेळ फोनवर विचारून घ्या.

साडेबाराच्या सुमारास जेवण, अलिबागात किंवा पुढे नागावला. नागावला वाड्यांमध्ये घरगुती जेवण देणारे बरेच जण आहेत. नारळी-पोफळीची सावली आणि झोपाळा मिळतो, म्हणून मी तिकडे झुकतो. मात्र सकाळीच ऑर्डर सांगून ठेवावी लागते. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी. काट्यांची भीती असेल तर सुरमई किंवा कोळंबी सांगा, मांदेली-बोंबील तुम्ही खा. रक्तदाब असलेल्यांनी सुक्या मासळीला आणि पापडाला हात आखडता घ्यावा.

हिवाळ्यातच गेलात तर पोपटीबद्दल विचारा. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, वर पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. तेल-पाणी काही नाही. शाकाहारी पोपटीही होते आणि ती कमी चविष्ट नसते, कारण खरी चव शेंगांना आणि त्या पाल्याच्या वासाला आहे. शेतावर रात्री करायचा हा प्रकार, पण एकदोन दिवस आधी सांगितलं तर दुपारी करून देणारे भेटतात. शेंगा सोलत बसायला वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांना तो वेळ आवडतो. वाल पचायला जड, हेही लक्षात असू द्या.

जेवणानंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायची सोय मागा. खाट, बाज, काहीही चालेल. हा वेळ वाया गेला असं वाटून तो कापू नका, दुपार त्याच्यावर तगते.

अडीचला किनाऱ्यावर या. पाणी उतरतच असेल. किल्ल्यात जायचं ते उतरत्या पाण्यात, आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात बाहेर पडायचं. चढतं पाणी घोट्याशी आलं तरी खालची वाळू सरकते आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. घोडागाडीची पायरी उंच असते, चढायला खुर्ची लावायला सांगा. परत नेण्याची वेळ घोडेवाल्याबरोबर पक्की करा आणि सगळे पैसे परतल्यावर द्या.

किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्याला आरमाराचं ठाणं केलं. आतलं गणपतीचं देऊळ १७५९ मधलं, राघोजी आंग्र्यांचं. देवळाजवळ पुष्करणी आहे आणि चारी बाजूंनी समुद्र असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. दरवाजापासून देवळापर्यंत गेलात तरी पुरे. तटावर चढायची गरज नाही, वर कठडे नाहीत.

आणि एक. "मी बसते इथे, तुम्ही जाऊन या" असं आई म्हणाली, तर तिला दोनदा आग्रह करू नका. ती दमलेली असते आणि तुमची मजा घालवायची नसते, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी दोघांपैकी एकाने खुर्चीशेजारी थांबायचं. तुम्ही आणि आई असे दोघेच गेला असाल तर किल्ला सोडून द्या आणि पाण्याच्या कडेने चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, गुडघ्याला आणि पोटरीला ताण पडतो. नुकतंच पाणी ओसरलेल्या ओल्या वाळूची पट्टी मात्र घट्ट असते, तिथे काठी टेकून दहा-पंधरा मिनिटं आरामात चालता येतं.

तिथी जुळली नाही तर

सुट्टी त्याच दिवशी मिळत असेल तर किल्ला विसरून दुसरा बेत करा. गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी सपाट जागेवर आहे, त्यांचं निधन १७२९ चं. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच दिसते, पण वडील विज्ञानाचे किंवा इलेक्ट्रिकलचे असतील तर तिची गोष्ट त्यांना आवडेल. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत विजेच्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. नागावच्या वाटेवर आक्षीला शके ९३४ चा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण रिक्षातून उतरून पाच मिनिटांत बघून होतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर दुपारी बाराला वाळूचा पट्टा पाण्याखाली असतो, मग सकाळ वाडीत किंवा सासवण्यात काढा. रस्त्याने आला असाल तर संध्याकाळी सहापर्यंत थांबा. पाणी दूर गेलेलं असतं, रुंद ओली वाळू मिळते आणि डिसेंबरात सूर्यही सहाच्या सुमारास मावळतो. वरसोली किंवा आक्षीचा किनारा यासाठी अलिबागपेक्षा शांत. कनकेश्वरचं नाव कुणीतरी काढेलच. देऊळ सुंदर आहे, पण सातशेच्या वर पायऱ्या आहेत, तेव्हा त्या दिवशी नको.

परतताना

शेवटची बोट कधीही धरायची नाही, तिच्या आधीची धरायची. शेवटच्या बोटीला गर्दी असते, जागेसाठी धक्काबुक्की होते, आणि ती चुकली तर अंधारात वडखळमार्गे तीन-चार तास. द्वादशीला चारला किल्ल्यातून बाहेर, चहा, साडेचारला मांडव्याच्या वाटेला. निघण्याआधी पाय गोड्या पाण्याने धुवायला लावा, विशेषतः मधुमेह असेल तर. बोटांच्या बेचक्यांतली वाळू काढून, शिंपल्याने कापलंय का ते स्वतः बघा. त्यांना पायांना कमी जाणवत असेल तर कापलेलंही कळत नाही.

खरेदी जाताना नको, येताना करा. जानेवारीच्या अखेरीपासून रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसू लागतात, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माळ आईला निवडू द्या, ती पात घट्ट विणलेली आणि कांदा कोरडा आहे का ते बघून घेईल. घरी वाऱ्याला टांगून ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर आठवड्यात मोड येतात. रस्त्याने परतणार असाल तर पेणला पोहे आणि पापडासाठी पाच मिनिटं थांबा.

गेटवेला उतरल्यावर टॅक्सीसाठी रांग लागते, म्हणून बोट धक्क्याला लागायच्या दहा मिनिटं आधी फोनवरून गाडी सांगून ठेवा. उतरताना ओहोटी उलटून पाणी चढू लागलेलं असलं तरी बोट सकाळपेक्षा खालीच असते, चढायच्या पायऱ्या जास्त असतात. सगळे उतरेपर्यंत जागेवर बसून राहा आणि शेवटी निघा.